गावठी, पर्शियन की क्रॉस? घरच्या मांजराची जात ओळखताना

‘आमचं मांजर कुठल्या जातींचं मिक्स आहे?’ हा प्रश्न कुत्र्यांकडून उसना घेतलेला आहे. मांजराला तो लावला की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो, कारण आपल्याकडची बहुतेक मांजरं कशाचंच मिश्रण नाहीत. धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे मांजर माणसाजवळ आलं त्याला हजारो वर्षं झाली. जाती मात्र कालपरवाच्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये पहिलं मोठं मांजरप्रदर्शन भरलं ते १८७१ साली, आणि कोणत्या मांजराला काय म्हणायचं याचे लेखी नियम त्याच सुमारास बनू लागले. गावठी मांजर आधीचं, जाती त्यातून वेचून काढलेल्या. त्यामुळे दारात आलेल्या पट्टेरी मनीत दोन-तीन जाती शोधत बसणं म्हणजे नदीत नळाचं पाणी शोधणं.

अपवाद एक आहे आणि तो मोठा आहे. शहरांत विकत घेतलं जाणारं मांजर बहुतांशी पर्शियन असतं. त्यातली काही सोडून दिली जातात, काही नसबंदीआधी पळतात, काहींचा गावठी बोक्याशी संबंध गच्चीवरच येतो. म्हणून मुंबई-पुण्यात विचारण्याजोगा प्रश्न बहुधा एवढाच असतो: यात पर्शियन आहे का, आणि असेल तर किती? बाकी जातींची शक्यता त्यानंतर तपासायची.

कोणता पुरावा जड, कोणता हलका

एक-दोन जनुकांवर चालणारी लक्षणं जातीचा पुरावा म्हणून हलकी असतात. लांब केस, राखी रंग, सयामीसारखं गडद तोंड, कपाळावरचा ‘एम’, तिरंगीपणा ही सगळी त्यात आली. ती कुठल्याही गावठी मांजरात उगवू शकतात. अनेक जनुकं मिळून घडवतात ती लक्षणं जड: कवटीचा आकार, कानांची ठेवण, हाडांची जाडी, आतल्या लोकरीचा पोत. ही सहज जुळून येत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ लांब केसांवरून होतो. लांब केसांचं जनुक अप्रभावी असतं, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच दिसतं. आखूड केसांच्या गावठी भाटीपोटी शुद्ध पर्शियन बोक्याची पिल्लं झाली, आणि तिच्यात ते जनुक लपलेलं नसेल, तर सगळी पिल्लं आखूड केसांची होतात. निम्मी पर्शियन, पण अंगावर त्याची खूण नाही! उलट, दोन साध्या, आखूड केसांच्या मांजरांत ते जनुक लपलेलं असेल तर सरासरी चारांतलं एक पिल्लू झुपकेदार निघतं, आणि घरचे त्याला पर्शियन म्हणू लागतात. तेव्हा ‘केस लांब म्हणून पर्शियन’ आणि ‘केस आखूड म्हणून गावठी’ ही दोन्ही अनुमानं सोडून द्या.

सुरू करण्याआधी

सहा महिन्यांखालच्या पिल्लाची जात ठरवू नका. लहानपणी सगळ्याच पिल्लांची फर भुरभुरीत, डोळे गोल आणि नाक बुटकं असतं. डोळ्यांचा रंगही सुरुवातीला निळाच असतो. सहा-सात आठवड्यांनंतर तो बदलू लागतो आणि ठरायला तीन-चार महिने जातात. पर्शियनचा तांबूस रंग पक्का व्हायला त्याहून जास्त. विक्रेते दोन महिन्यांचं पिल्लू दाखवून ‘पर्शियन आहे’ म्हणतात ते उगाच नव्हे, त्या वयात खोटं पकडता येत नाही. सहा महिन्यांचं झालं की एकदा पाहा, वर्षाचं झालं की पक्कं करा.

फर पाहायची तर ऋतूही लक्षात घ्या. मे महिन्यात गळून गेलेली फर आणि जानेवारीतली फर यांत लांब केसांच्या मांजराचं रूप बदलतं. उन्हाळ्यात अंग भादरलं असेल तर पूर्ण वाढायला चार ते सहा महिने द्या.

फोटो तीन काढा: समोरून, बाजूने आणि वरून. फोन मांजराच्या डोळ्यांच्या पातळीला, एक ते दीड मीटर लांब, आणि दुप्पट झूम. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगून पुढे येतं आणि कान मागे जातात, मग सगळी मापं बिघडतात. मांजर हलतंच, चमचा वाजवला की क्षणभर समोर बघतं, तेवढा वेळ पुरतो.

चेहरा

समोरच्या फोटोवर दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्या जोडणारी आडवी रेघ ओढा. आता नाकाच्या ओल्या, बिनकेसाच्या भागाची वरची कड कुठे आहे ते पाहा. गावठी मांजरात ती रेघेच्या बरीच खाली असते. क्रॉसमध्ये किंवा जुन्या धाटणीच्या पर्शियनमध्ये थोडीच खाली. रेघेवर किंवा रेघेच्या वर असेल तर चेहरा उघडच चपटा आहे, आणि असा चेहरा गावठीत आपोआप येत नाही. मागच्या एक-दोन पिढ्यांत पर्शियन किंवा त्याची आखूड केसांची आवृत्ती एक्झॉटिक शॉर्टहेअर असणार.

बाजूच्या फोटोत कपाळाकडून नाकाकडे उतरणारी रेषा बोटाने गिरवा. गावठीत ती हलक्या उताराने जाते. पर्शियनमध्ये दोन डोळ्यांच्या मध्ये खळगा पडतो, जणू अंगठ्याने दाबलंय. पहिल्या पिढीच्या क्रॉसमध्ये खळगा असतो पण उथळ, आणि गाल भरलेले. नसबंदी न झालेल्या प्रौढ बोक्याचे गाल मात्र संप्रेरकांमुळे फुगतात. आठ-नऊ महिन्यांचा असताना चेहरा निमुळता आणि तीन वर्षांनी टोपलीएवढा, तर तो पर्शियन झाला नाही, बोका झाला.

बाजारातले ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’, ‘एक्स्ट्रीम पंच’ हे शब्द नाक किती बसकं त्याची वर्णनं आहेत, वेगवेगळ्या जाती नव्हेत. ‘डॉल फेस’ या नावाखाली पर्शियन-गावठी क्रॉस सर्रास खपतं, कारण दोघांची नाकं सारखीच दिसतात. ‘ट्रिपल कोट’ हाही विक्रीचाच शब्द.

कान

वरून काढलेला फोटो इथे कामाला येतो. पर्शियनचे कान छोटे, टोकाला गोलसर, एकमेकांपासून दूर आणि डोक्याच्या कडेला खाली बसवल्यासारखे असतात. गावठीचे मोठे, उभे, बुडाशी रुंद. दोन कानांच्या आतल्या कडांमधलं अंतर एका कानाच्या बुडाच्या रुंदीशी ताडून पाहा: गावठीत ते साधारण तेवढंच किंवा कमी भरतं, पर्शियनमध्ये ठळकपणे जास्त. आम्ही चेहऱ्याखालोखाल या खुणेवर भरवसा ठेवतो, कारण फर कितीही बदलली तरी कान हलत नाहीत.

कानाचं टोक सरळ कापलेलं किंवा खाच पाडलेली असेल तर ती नसबंदीची खूण आहे, जातीची नाही. दत्तक घेतलेल्या मोठ्या मांजराबाबत ती उपयोगाची. पुन्हा पोट उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

फर

लांबी मोजायची जागा म्हणजे बरगडीवरची कूस. केस दोन बाजूंना पांगवून साधी पट्टी कातडीला टेकवा. गावठीत दीड ते तीन सेंटिमीटर. चार ते सहा म्हणजे मध्यम लांब. ऐन हंगामात चांगल्या पर्शियनचे केस दहा सेंटिमीटरपर्यंत जातात. पण लांबीपेक्षा पोत बोलका असतो. पांगवलेल्या जागी कातडी लगेच दिसली तर आतली लोकर कमी आहे. कापसासारखा दाट थर आडवा आला तर भरपूर आहे. पोलादी बारीक कंगवा दहा वेळा फिरवा. पर्शियन रक्त असेल तर कंगव्यात मऊ, कुरळट लोकरीचा गोळा येतो, आणि कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत दोन दिवसांत गुंता होतो. लांब केसांच्या गावठी मांजराची फर रेशमी, अंगालगत पडणारी असते आणि आठवडाभर विंचरलं नाही तरी तिचं फारसं बिघडत नाही.

फर कुठे लांब आहे तेही पाहा. पर्शियनमध्ये ती सगळीकडे सारखी लांब. खांद्यांवर आखूड, पण पोटाखाली, मांड्यांवर आणि शेपटीला लांब असेल तर ती मेन कून या मोठ्या अंगाच्या, लांब केसांच्या जातीसारखी ठेवण आहे. लांब केसांची गावठी मांजरंही बरीचशी अशीच दिसतात, म्हणून एवढ्यावरून मेन कून ठरत नाही.

अंग आणि शेपूट

पुढच्या पायाला मनगटापाशी दोन बोटांनी वेढा घाला. पर्शियनचं हाड हाताला जाड लागतं, पाय आखूड, पंजे गोल आणि बोटांमधून केसांचे झुपके. गावठीचे पाय लांब, सडपातळ, छाती अरुंद. शेपूट पर्शियनला आखूड आणि बुडाशी जाड. गावठीला लांब आणि टोकाकडे बारीक होत जाणारी.

वजनाचा उपयोग थोडाच. आधी एकटे काट्यावर उभे राहा, मग मांजर घेऊन, आणि वजाबाकी करा. गावठी भाटी अडीच ते चार किलो, बोका साडेतीन ते पाच. पर्शियनही याच टापूत. म्हणजे वजन पर्शियन सांगत नाही, फक्त मेन कूनचा दावा खोडून काढतं: त्याचा प्रौढ बोका सहा ते आठ किलो आणि वर, तोही लठ्ठ न होता. पूर्ण वाढायला त्याला तीन-चार वर्षं लागतात हे खरं, पण दीड वर्षाचा बोका चार किलोवर थांबला असेल तर कानावरचे झुपके कितीही ऐटदार असोत, मेन कून विसरा.

नाक, कपाळाचा खळगा, कान, लोकर, हाड-शेपूट या पाचांपैकी चार-पाच पर्शियनकडे झुकली तर पर्शियन किंवा जवळपास तसंच. दोन-तीन झुकली तर क्रॉस. एखादंच झुकलं तर गावठी. हा अंदाज आहे, प्रमाणपत्र नव्हे. पण समोर मांजर असताना इतका अंदाज बहुतेक वेळा पुरतो.

लोक हमखास चुकतात ती नावं

राखी रंग म्हणजे रशियन ब्लू नव्हे. काळा रंग फिका करणारं एक अप्रभावी जनुक दोन्हीकडून आलं की मांजर राखी होतं. रशियन ब्लूला हिरवेगार डोळे, दुहेरी उभी फर आणि लांबट अंग लागतं, आणि अंगावर पांढरा ठिपकाही चालत नाही.

काळंभोर मांजर ‘बॉम्बे’ असल्याचं मुंबईत अभिमानाने सांगितलं जातं. त्या जातीचा मुंबईशी संबंध फक्त नावापुरता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात निक्की हॉर्नर यांनी १९५८ पासून बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरच्या संकरातून ती घडवली आणि काळ्या बिबट्याच्या आठवणीने नाव भारतातलं दिलं. दादरच्या मंडईतला काळा बोका गावठीच.

गडद तोंड, गडद पाय आणि निळे डोळे ही सयामीची नक्कल सहज होते. त्यामागचं रंगद्रव्याचं विकर थंड जागीच काम करतं, म्हणून पिल्लू पांढरं जन्मतं आणि कान, नाक, पाय, शेपूट अशा गार भागांवर रंग चढतो. नसबंदीसाठी भादरलेल्या जागी नवे केस गडद उगवतात ते याचमुळे, घाबरू नका. हे जनुकही अप्रभावी आहे. गोल डोक्याच्या, आखूड अंगाच्या मांजरात ते दिसलं तर सयामी म्हणण्याची घाई नको. त्याच खुणा लांब लोकरी फर आणि बसक्या नाकासोबत आल्या तर हिमालयन, म्हणजे पर्शियनचाच एक रंगप्रकार.

ठिपके दिसले की बंगाल. गावठी मांजराचे ठिपके म्हणजे तुटलेले पट्टे; एकाच रंगाचे आणि उभ्या रांगेत. बंगालच्या ठिपक्याला गडद कड आणि आत फिका गाभा असतो, ते आडवे पसरतात, पोटावरही असतात.

दुमडलेले कान दिसले तर आधी कान तपासून घ्या. एकच कान वाकडा असेल तर बहुधा खाजवून रक्त साकळलं आणि कान आकसला. स्कॉटिश फोल्डचे दोन्ही कान तीन-चार आठवड्यांच्या वयात वाकतात, आणि जनुक प्रभावी असल्यामुळे आई किंवा बापाचेही कान दुमडलेले असावे लागतात. हेच जनुक सांध्यांच्या कूर्चा बिघडवतं, तेव्हा खरोखर फोल्ड निघालं तर मिरवण्याआधी पायांचा एक्स-रे काढा. गाठ पडलेली शेपूट जन्मजात असते किंवा दारात चिमटलेली. बॉबटेल या आखूड शेपटीच्या जातीशी तिचा संबंध जोडू नका.

तिरंगी रंग जात सांगत नाही, लिंग सांगतो. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तिरंगी मांजर जवळपास नेहमी भाटीच. पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असेल तर जातीऐवजी ऐकू येतं का ते बघा: झोपेत असताना मागून किल्ल्या वाजवा, जमिनीला धक्का न लावता.

उसातलं पिल्लू

ऊसतोडीच्या हंगामात फडात सापडलेलं ठिपकेदार पिल्लू घरी आणून ‘कुठली जात?’ असं विचारणारे भेटतात. ते रानमांजराचं किंवा वाघाटीचं असू शकतं, बिबट्याचंही. कान गोल, कानांच्या मागे पांढरट डाग, अंगाच्या मानाने जाड शेपूट आणि माणसाला पाहून न थांबणारी फिसकार ही सगळी सावध होण्याची चिन्हं. पिल्लू उचलू नका, फार वेळ हाताळू नका. आई रात्री परत येते. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. ही जनावरं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि ती घरात ठेवणं गुन्हा आहे.

कागद, ॲप आणि डीएनए

लसीकरणाच्या वहीत ‘पर्शियन’ लिहिलेलं असणं हा पुरावा नव्हे. तुम्ही सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. पुरावा म्हणजे सीएफए, टिका, डब्ल्यूसीएफ अशा नोंदणी संस्थेचा क्रमांक असलेली वंशावळ, जिच्यात आई-बापांचे क्रमांकही आहेत. फोटोवरून जात सांगणाऱ्या ॲपकडे ‘गावठी’ हे उत्तरच क्वचित असतं, त्यामुळे ते यादीतलं सर्वांत जवळचं नाव पुढे करतं. दोन वेगळ्या उजेडातले फोटो द्या. नाव बदललं की ॲपची किंमत कळेल.

डीएनए चाचणीचा नमुना गालाच्या आतून घेतात. मांजराने निदान अर्धा तास काही खाल्लेलं नसावं; पिल्लू असेल तर आईपासून तेवढा वेळ वेगळं ठेवा, नाहीतर दुधासोबत तिच्याही पेशी येतात. गाल आणि हिरडीच्या मधल्या जागेत कापसाची काडी दहा-पंधरा सेकंद फिरवा, प्रत्येक काडीला वेगळी बाजू. पाकिटात घालण्याआधी उघड्यावर पूर्ण वाळवा. ओली काडी बुरशी धरते आणि नमुना वाया जातो; पावसाळ्यात तर हमखास. प्रयोगशाळा परदेशी असेल तर पैसे भरण्याआधी कुरियर जैविक नमुना नेणार का ते विचारून घ्या.

निकाल वाचताना हे विसरू नका की टक्केवारी म्हणजे तुमच्या मांजराचं त्यांच्या संग्रहातल्या जातींशी असलेलं साम्य. संग्रहात भारतातली मांजरं कमी असतील तर गावठी मांजराच्या वाट्याला पाच-सात परक्या जातींचे तीन-तीन टक्के येतात. ते सोडून द्या. आजी-आजोबांपर्यंतचं मिश्रण ठळक दिसतं, त्यापलीकडे रेघ पुसट होत जाते. गंमत म्हणजे पर्शियनचंही जनुकीय नातं नावाप्रमाणे इराणकडे न जाता पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जास्त जवळचं निघालं आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर टक्केवारीऐवजी पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज) या आजाराच्या एका जनुकाच्या तपासणीवर करा. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात. पूर्वी अनेक देशांत झालेल्या पाहण्यांत पर्शियनपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मांजरांत तो सापडला होता. जनुक प्रभावी आहे, म्हणजे पर्शियन आई किंवा बापात ते असेल तर क्रॉसलाही निम्मी शक्यता. जनुकाची तपासणी कुठल्याही वयात चालते. सोनोग्राफी करायची तर दहा महिन्यांनंतर, त्याआधी गाठी दिसतीलच असं नाही.

चेहरा चपटा निघाला तर उन्हाळ्यात दुपारी प्रवास टाळा, डोळ्यांखालचं पाणी रोज कोमट पाण्याच्या कापसाने पुसा आणि भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना तसं सांगा. लोकर भरपूर निघाली तर कंगवा रोज. कागदावर काय लिहायचं याचाही विचार करा. वंशावळ नसेल तर योग्य नोंद ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’ किंवा ‘डोमेस्टिक लाँगहेअर’ हीच. हौसेने ‘पर्शियन’ लिहून घेतलेली वही पुढे विमानतळावर आडवी येते, कारण बऱ्याच विमान कंपन्या चपट्या तोंडाच्या जाती मालकप्प्यात घेत नाहीत आणि काउंटरवरचा माणूस मांजराचं नाक मोजत बसत नाही. परदेशी जायचं ठरत असेल तर मायक्रोचिपच्या नोंदीत, वहीत आणि आरोग्य प्रमाणपत्रात एकच नाव आहे ना ते महिनाभर आधी पाहून घ्या.